शेतावरील लहान बोअरची बंदूक : निवड, फेरबदल आणि .४१० मस्केटचा धडा

१. विषयप्रवेश

पिकांच्या संरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा विषय महाराष्ट्रात बहुधा दोनच बाजूंनी चर्चिला जातो. एक बाजू शेतकऱ्याची. रानडुक्कर, रोही वा वानरे यांच्यामुळे हातातोंडाशी आलेले पीक एका रात्रीत जाते, हे तिचे म्हणणे. दुसरी बाजू प्रशासनाची व वन्य प्राण्यांच्या अभ्यासकांची; शस्त्र व शिकार या दोन्ही गोष्टी कायद्याने नियंत्रित आहेत व तशाच त्या असल्या पाहिजेत, हे तिचे प्रतिपादन. या दोहोंच्या मध्ये एक साधा तांत्रिक प्रश्न पडून राहतो. रीतसर परवान्याने बंदूक घ्यावयाची झालीच, तर ती कोणत्या बोअरची असावी? आणि हाती असलेल्या जुन्या बंदुकीत फेरबदल करावयाचे झाल्यास कोणते करावेत व कोणते करू नयेत?

लहान बोअरची बंदूक वजनाने हलकी असते, तिचा खांद्यास बसणारा धक्का सौम्य असतो, तिच्या काडतुसास दारू व शिसे कमी लागते. या तीन गुणांवरून ती शेतासाठी सर्वांत सोयीची असावी असे अनुमान सहज निघते. ग्रेट ब्रिटनमधील शेतावर .४१० बोअरची बंदूक दीर्घकाळ लोकप्रिय राहिली आहे, ही गोष्टही या अनुमानास पुष्टी देते. प्रस्तुत लेखात हे अनुमान आपल्या मुलखाच्या परिस्थितीत कितपत टिकते, ते पाहावयाचे आहे.

हा विचार येरवड्याच्या परिसरात करण्यास एक औचित्यही आहे. डेक्कन कॉलेज येथे १८६८ मध्ये आले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, मुळेपलीकडे खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आणि १८७१ मध्ये येरवड्याचे कारागृह बांधले गेले. अवघ्या तीन वर्षांत विद्यालय, काडतुसांचा कारखाना आणि तुरुंग एका नदीच्या दोन तीरांवर शेजारी शेजारी वसले. खडकीच्या कारखान्याची बारा बोअरची काडतुसे देशभर नागरी वापरात आली. आणि पोलीस व पहारेकरी यांच्या हाती त्या राजवटीने जी.४१० ची मस्केट दिली, ती लहान बोअरच्या फेरबदलाचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण होय. त्या उदाहरणाचा उपयोग पुढे होणार आहे.

२. बोअर म्हणजे काय?

बंदुकीचा बोअर मोजण्याची रूढ रीत जुनी आहे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम, शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या केल्यास प्रत्येक गोळी लहान होते. म्हणून वीस बोअर हा बारा बोअरहून अरुंद. आकडा जितका मोठा तितकी नळी लहान, हे त्यामुळे ध्यानात ठेवावे लागते. .४१० हा आकडा मात्र या रीतीचा नाही. तो नळीचा व्यास इंचात सांगतो. पौंडाच्या हिशेबाने तीच नळी सुमारे अडुसष्ट बोअरची भरेल.

सामान्यतः आढळणाऱ्या बोअरांचे व्यास आणि त्यांच्या पारंपरिक काडतुसांतील छर्ऱ्यांचे वजन पुढीलप्रमाणे :

१२ बोअर : व्यास १८.५ मि.मी.; छर्रे सुमारे ३० ग्रॅम.
१६ बोअर : व्यास १६.८ मि.मी.; छर्रे सुमारे २६.५ ग्रॅम.
२० बोअर : व्यास १५.६ मि.मी.; छर्रे सुमारे २३ ग्रॅम.
२८ बोअर : व्यास १४.० मि.मी.; छर्रे सुमारे १६ ग्रॅम.
.४१० (अडीच इंची काडतूस) : व्यास १०.४ मि.मी.; छर्रे सुमारे १२.५ ग्रॅम.

व्यासांची तुलना केली असता .४१० ची नळी बारा बोअरच्या निम्म्याहून थोडी मोठी वाटते. परंतु दारूचा दाब ज्यावर कार्य करतो ते नळीचे क्षेत्रफळ असते, व्यास नव्हे. क्षेत्रफळाच्या हिशेबाने .४१० ही बारा बोअरच्या एक-तृतीयांशाहूनही लहान आहे. एकाच गोळीचा विचार केला, तर अंतर आणखी वाढते. बारा बोअरच्या नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी ३७.८ ग्रॅमची, तर .४१० ची अवघी ६.७ ग्रॅमची. व्यासाचा दुसरा घात क्षेत्रफळात आणि तिसरा घात वजनात उतरतो, या साध्या गणितात लहान बोअरचे सारे मर्म आहे.

३. .४१० मस्केटचा इतिहास

१८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती कोणते शस्त्र द्यावे, हा प्रश्न ब्रिटिश लष्करापुढे उभा राहिला. आटे पाडलेल्या नळीची एन्फील्ड रायफल दूरवर अचूक मारा करी. तिचा व्यास .५७७ इंच होता. १८५८ चा नमुना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मस्केटमध्ये हीच नळी आतून कोरून .६५६ इंचाची व गुळगुळीत करण्यात आली. बाह्यतः शस्त्र जवळजवळ तेच राहिले. त्याची पोहोच आणि अचूकता मात्र बुद्धिपुरस्सर कमी करण्यात आली. फेरबदल म्हणजे सुधारणा असे आपण गृहीत धरतो. येथे फेरबदलाचा हेतूच शस्त्र दुबळे करण्याचा होता.

हाच विचार पुढे .४१० च्या मस्केटमध्ये दिसतो. बंगालमधील इच्छापूर येथील रायफल कारखान्यात ली-एन्फील्ड रायफलींचे रूपांतर करून त्यांस .४१० ची गुळगुळीत नळी देण्यात आली. काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसविण्यात आला. त्यामुळे एका वेळी एकच काडतूस हाताने भरावे लागे. काडतूसही स्वतंत्र होते. .३०३ रायफलीच्या काडतुसाची मान आवळण्यापूर्वी जो सरळ पितळी कोश असतो, त्याच धर्तीवर ते बनविलेले होते. त्यात एक गोळी किंवा मोठे छर्रे असत. ही मस्केट पोलीस आणि तुरुंग, खजिना इत्यादी ठिकाणचे पहारेकरी यांच्यासाठी होती. तिचा मारा जवळचा असावा, एका दमात अनेक बार निघू नयेत, आणि ती चुकीच्या हाती पडली तरी सैन्याच्या रायफलीस तोंड देऊ शकू नये, अशी तिच्यामागील कारणे सर्वसाधारणपणे दिली जातात. स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके ती वापरात राहिली.

निरुपयोगी ठरलेल्या अशा मस्केटी पुढे परदेशांत विकल्या गेल्या. तेथे त्यांचे पुन्हा एकदा रूपांतर झाले. बाजारातील .४१० चे काडतूस बुडाशी मस्केटच्या काडतुसाहून किंचित जाड असते. म्हणून चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याचा नळीचा मागील भाग, रुंद करून त्या शेतावरच्या बंदुका म्हणून वापरण्यात आल्या. एकेकाळची लष्करी रायफल प्रथम पहारेकऱ्याची मस्केट झाली आणि शेवटी शेतकऱ्याची बंदूक. परंतु या प्रवासात तिची मूळ मर्यादा कोठेही नाहीशी झाली नाही. पारंपरिक रीतीने बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या सुमारे शहाण्णव पट असावे असे मानतात. त्या हिशेबाने १२.५ ग्रॅम छर्ऱ्यांस सव्वा किलोची बंदूकही पुरते. मस्केटचे वजन सुमारे चार किलो. लहान बोअरचा सर्वांत मोठा गुण जो हलकेपणा, तोही तिच्यात नाही. आणि दोष मात्र सारे आहेत.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बोअर ठरविणे म्हणजे शस्त्राने किती दूर व किती प्रमाणात परिणाम करावा याचा निर्णय आधीच घेऊन ठेवणे होय. पहाऱ्याच्या मस्केटसाठी हा निर्णय राज्यकर्त्यांनी आपल्या हेतूने घेतला. शेतकऱ्याने तो आपल्या शेताकडे पाहून घ्यावयास हवा.

४. छर्ऱ्यांचे गणित

लहान बोअरची बंदूक ‘कमी जोराने’ मारते, असा एक प्रचलित गैरसमज आहे. वस्तुतः नळीच्या तोंडाशी छर्ऱ्यांचा वेग सर्व बोअरांत जवळजवळ सारखाच, सेकंदास ३५० ते ४०० मीटरच्या आसपास असतो. सहा नंबरचा २.६ मि.मी. व्यासाचा छर्रा .४१० मधून सुटो की बारा बोअरमधून, तो जेवढा खोल जावयाचा तेवढाच जातो. फरक पडतो तो छर्ऱ्यांच्या संख्येत. एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम वजनात सहा नंबरचे सुमारे २७० छर्रे भरतात. त्या प्रमाणात बारा बोअरच्या काडतुसात सुमारे २८७, तर .४१० च्या अडीच इंची काडतुसात सुमारे ११८ छर्रे मावतात.

आता हे छर्रे लक्ष्यापर्यंत कसे पोहोचतात ते पाहू. नळीच्या तोंडाशी आतील व्यास किंचित आवळून छर्ऱ्यांचा फैलाव कमी करतात. या आवळपणास चोक म्हणतात. मोजण्याची रूढ पद्धत अशी की, ४० यार्डांवर (३६.६ मीटर) ठेवलेल्या कागदावर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजावयाचे. मुळीच चोक नसलेल्या नळीतून सुमारे ४० टक्के, अल्प चोकातून ५० टक्के, अर्ध्या चोकातून ६० टक्के आणि पूर्ण चोकातून ७० टक्के छर्रे या वर्तुळात पडतात. कबुतर वा सशाएवढ्या लक्ष्यावर बार खात्रीचा व्हावयाचा तर वर्तुळात १२० ते १३० छर्रे असावेत, असे इंग्रजी हस्तपुस्तकांतील प्रमाण आहे.

बारा बोअरमधून अल्प चोकानेही २८७ च्या निम्मे, म्हणजे सुमारे १४३ छर्रे वर्तुळात येतात. .४१० ला पूर्ण चोक दिला तरी ११८ च्या सत्तर टक्के, म्हणजे ८३ च येतात. चोक नसलेल्या मस्केटसारख्या नळीतून तर केवळ ४७. हेही हिशेबापुरते, प्रत्यक्षात.४१० चा फैलाव याहून वाईट असतो. अरुंद नळीत छर्ऱ्यांचा स्तंभ लांब व बारीक होतो. त्यामुळे त्यांतील अधिक छर्रे नळीच्या भिंतीस घासतात, त्यांचा गोलाकार बिघडतो आणि असे वेडेवाकडे छर्रे बाजूस उडतात. यास्तव .४१० ची खात्रीची मर्यादा लहान लक्ष्यावरही वीस-पंचवीस यार्डांपलीकडे धरता येत नाही. तीन इंची काडतुसात सुमारे १७.७ ग्रॅम छर्रे मावतात हे खरे. परंतु त्याने स्तंभ आणखी लांब होतो आणि वाढलेल्या छर्ऱ्यांचा काही भाग वायाच जातो.

मोठ्या छर्ऱ्यांच्या बाबतीत परिस्थिती अधिकच बिकट होते. एस.जी. प्रतीचे छर्रे ८.४ मि.मी. व्यासाचे असून औंसाला आठ भरतात. बारा बोअरच्या काडतुसात ते आठ-नऊ मावतात; .४१० मध्ये वजनाच्या हिशेबाने तीनच. तीन छर्ऱ्यांच्या बाराने रानडुकरासारख्या जाड कातडीच्या जनावरावर नेम धरणे म्हणजे ते मारणे नव्हे, जखमी करणे होय.

५. शेताची गरज आणि कायद्याची मर्यादा

ब्रिटनमधील शेतावर .४१० ला जे स्थान आहे, ते तेथील उपद्रवामुळे. ससे, उंदीर, कबुतरे ही तेथील लक्ष्ये. अंतर गोठ्यापासून कुंपणापर्यंतचे. महाराष्ट्रात पिकाचा नाश करणारे प्राणी निराळे आहेत. ऊस, मका, भुईमूग यांत रात्री शिरणारी रानडुकरे, विदर्भातील रोही, कोकणातील वानरे व माकडे हे आपले प्रश्न. पाखरांसाठी आपल्याकडे बंदूक कधी मुख्य साधन नव्हतीच. ज्वारीच्या राखणीस माळा, गोफण व बुजगावणे पुरत असत. आणि गोफणीने पाखरू मरत नसले तरी उठते, एवढेच राखणदारास हवे असते.

येथे कायद्याची स्थिती नीट समजून घेणे अगत्याचे आहे. शेतावरील बंदुकीस दोन स्वतंत्र अनुज्ञा लागतात. त्यांची गल्लत वारंवार होते.

पहिली शस्त्राची. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक केला. त्या कायद्यात बदल व्हावा, अशी मागणी राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात केली होती. त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली; तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून (५०.८ सें.मी.) कमी लांबीची नळी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याच कलमात पिकांच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे; आणि परंतुक असे की, त्यासाठी ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास तो वरील प्रकारच्या अन्य गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. म्हणजे शेतासाठी कोणती बंदूक, या प्रश्नाचे एक उत्तर विधिमंडळाने स्वतःच देऊन ठेवले आहे. हे उत्तर तपासण्यासारखे आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू व छर्रे यांचे प्रमाण कारखान्यात ठरत नाही. ते भरणाऱ्याच्या हातावर असते. जास्त दारू ठासली गेल्यास नळी फुटण्याचा धोका, पावसाळी रात्री दारू सर्दावण्याची शक्यता आणि पहिला बार चुकल्यास दुसऱ्यास लागणारा वेळ, हे तिचे तिन्ही दोष नेमके राखणीच्या वेळीच भोवणारे आहेत.

दुसरी अनुज्ञा प्राण्याची. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस सर्वसाधारण बंदी घातली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची पुनर्रचना झाली. रानडुक्कर व रोही हे आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत, तर मोर व काळवीट पहिल्या अनुसूचीत. आपला ससा आणि पोपटही संरक्षित आहेत. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाला असेल, तर अकराव्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसताना, केवळ बंदुकीचा परवाना आहे म्हणून, पिकात शिरलेल्या जनावरावर बार टाकणे हा गुन्हाच ठरतो. शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

या दोन्ही मर्यादा एकत्र ठेवल्या असता एक विलक्षण निष्कर्ष निघतो. ज्या लहान लक्ष्यांसाठी .४१० योग्य, त्यांतील बहुतेक आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहेत. उरलेल्या उंदीर-घुशींसाठी बंदुकीचे प्रयोजनच नाही. आणि ज्या प्राण्याविषयी परवानगी मिळू शकते, त्यासाठी .४१० अपुरी आहे. आपल्या शेतावर तिला जागाच उरत नाही.

६. निवड

वरील विवेचनावरून निवडीची तत्त्वे काढता येतात.

पहिले तत्त्व असे की, बोअर खांद्यावरून ठरवू नये, ज्या प्राण्याविषयी अनुज्ञा मिळण्याचा संभव आहे त्यावरून ठरवावा. रानडुकराचा प्रश्न असेल तेथे बारा बोअरहून लहान बंदूक घेणे युक्त नाही. जखमी होऊन उसात शिरलेले रानडुक्कर दुसऱ्या दिवशी ऊसतोडीस येणाऱ्या माणसाच्या अंगावर जाते. बंदुकीच्या अपुरेपणाची किंमत ती बाळगणाराच देतो असे नाही.

दुसरे तत्त्व, धक्का सोसत नसेल तर बोअर कमी करण्यापूर्वी बंदूक अंगास बसते की नाही ते पाहावे. धक्क्याची तक्रार पुष्कळदा दस्त्याच्या चुकीच्या लांबीमुळे उद्भवते. ३० ग्रॅम छर्ऱ्यांसाठी सुमारे पावणेतीन ते तीन किलो वजनाची बंदूक बेताची होय. त्याहून फार हलकी बारा बोअर सोयीची वाटली तरी खांद्यास जड जाते. एवढे पाहूनही अडचण राहिली, तर वीस बोअर हा मधला मार्ग आहे. तिचे छर्रे बारा बोअरच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतात. मात्र रानडुकरासाठी तीही कमीच धरली पाहिजे.

तिसरे तत्त्व काडतुसांचे. ज्या बोअरची काडतुसे जवळच्या परवानाधारक दुकानात वर्षभर मिळतील, तोच बोअर घ्यावा. खडकीच्या कारखान्यामुळे बारा बोअरला हा लाभ पूर्वीपासून आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन हा कारखाना पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेला.

चौथे तत्त्व, एकाच घरात दोन बोअरांच्या बंदुका ठेवणे टाळावे. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते पुढे सरकून अडकते. मागून बारा बोअरचे काडतूस भरले जाऊ शकते आणि बार काढताच नळी फुटते. असे अपघात सर्वत्र नोंदले गेले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस कमाल दोनच शस्त्रे बाळगता येतात. ती भिन्न बोअरांची नसावीत हे बरे.

पाचवी गोष्ट पल्ल्याची. परिणामाचा पल्ला आणि धोक्याचा पल्ला या दोन भिन्न वस्तू आहेत. फ्रेंच अभ्यासक जूर्ने यांच्या स्थूल नियमानुसार छर्ऱ्याच्या व्यासाच्या मिलिमीटरांस ७९ ने गुणले असता तो जास्तीत जास्त किती मीटर जाईल ते मिळते. सहा नंबरचा छर्रा दोनशे मीटरांवर, तर एस.जी. चा साडेसहाशे मीटरांवर जाऊ शकतो. रात्री शेजारच्या माळ्यावर दुसरा राखणदार बसलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

७. फेरबदल : कोणते करावेत, कोणते करू नयेत

शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये शस्त्राची दुरुस्ती, चाचणी व रूपांतर परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. म्हणून पुढील विवेचन शेतकऱ्याने काय मागावे व काय नाकारावे, एवढ्यापुरतेच आहे.

लाकडाशी संबंधित फेरबदल बहुतांशी निर्धोक व लाभदायक असतात. दस्त्याची लांबी कमी करून घेणे किंवा मागे रबराची गादी बसवून ती वाढविणे, गालाशी येणारी उंची सुधारणे, खांद्यास अडकविण्याचा पट्टा लावणे, नेमासाठी नळीच्या टोकास ठळक पांढरा मणी बसविणे यांनी बंदुकीची उपयुक्तता खरोखर वाढते. बोअर कमी केल्याने जी सोय मिळेल अशी अपेक्षा असते, तिचा मोठा भाग या साध्या बदलांनी मिळतो.

पोलादाशी संबंधित फेरबदलांविषयी मात्र सावधगिरी हवी. यांतील तीन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

एक, नळी कापणे. सहाव्या कलमाने विनापरवाना नळी आखूड करण्यास मनाई केली आहे. आणि २०१९ पासून एका प्रकारच्या शस्त्राचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करण्यासही तीच मनाई लागू झाली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी नळी कापल्याने तोंडाशी असलेला चोक जातो. नळी ज्या गुणासाठी घेतली तोच गुण तिच्याबरोबर कापला जातो.

दोन, चेंबर खोल वा रुंद करणे. मस्केटला बाजारी काडतूस बसावे म्हणून परदेशांत हे केले गेले. परंतु तेथे अशा बदलानंतर दाबाची अधिकृत परीक्षा घेण्याची व्यवस्था असते. चेंबरच्या भिंतीतून काढलेले पोलाद परत भरता येत नाही. अडीच इंची चेंबरात तीन इंची काडतूस बसते ही गोष्ट फसवी आहे, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी उघडल्यानंतरची असते. बार निघताना त्याचे तोंड उघडण्यास जागा मिळत नाही व दाब धोकादायक वाढतो. येथे बदलावयाचे असते ते काडतूस, बंदूक नव्हे.

तीन, जुन्या नळीत नवी दारू. लोखंड व पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या जुन्या नक्षीदार नळ्या काळ्या दारूसाठी घडविलेल्या असत. अशी वंशपरंपरेने आलेली बंदूक घरात असल्यास ती भिंतीवर शोभते. आधुनिक काडतुसासाठी ती वापरू नये.

८. समारोप

येरवड्याच्या परिसरातील तीन संस्थांचा उल्लेख आरंभी केला, तो .४१० च्या कथेत शस्त्रनिर्मिती, बंदोबस्त आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी एकत्र येतात म्हणून. पहारेकऱ्याच्या मस्केटसाठी बोअर लहान ठेवला गेला, तो तिने कमी करावे म्हणून; आणि त्या हेतूपुरती ती यशस्वी ठरली. तीच मर्यादा सोय समजून शेतावर आणली, तर तिची झळ प्रथम जखमी जनावरास आणि मागाहून माणसास लागते.

यासंबंधी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कामाची एक दिशा सुचविता येईल. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यांची परंपरा आहे. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची रीतही तेथे परिचित आहे. २०१९ ची विधानसभा निवडणूक २१ ऑक्टोबरला व २०२४ ची २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे दोन्ही भातकापणीच्या हंगामाच्या आसपास आल्या. परवान्यांतील बंदुकांचे प्रकार, त्यांचा प्रत्यक्ष वापर, पिकाच्या नुकसानीच्या भरपाईचे अर्ज आणि अकराव्या कलमाखालील परवानग्या, या चार नोंदी तालुकावार एकत्र ठेवून पाहिल्यास शेतावरील बंदुकीने पीक किती वाचते व तिचा केवळ आवाज किती उपयोगी पडतो, हे अंदाजाऐवजी आकड्यांनी सांगता येईल. तोवर एवढे निश्चित म्हणता येते की, अनुज्ञा नसेल तेथे माळा, गोफण व जागल यांवर भर द्यावा. अनुज्ञा असेल तेथे पुरेशा बोअरची, अंगास बसणारी व पोलादास हात न लावलेली बंदूक घ्यावी. आणि या दोहोंच्या मधली लहान बोअरची सोय खरी सोय समजू नये.